डोंगर, माती आणि डायनासोर : तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी हाताने करायचे उपक्रम

बालवाडीत साधारणपणे भूरूपांचा एक आठवडा असतो आणि डायनासोरचा दुसरा. पहिल्या आठवड्यात भिंतीवरच्या तक्त्यावर डोंगर, नदी आणि समुद्र दाखवले जातात; दुसऱ्यात प्लॅस्टिकचे प्राणी मांडले जातात आणि त्यांची अवघड नावे मुलांकडून वदवून घेतली जातात. महाराष्ट्रातल्या मुलांना हे दोन विषय असे वेगळे शिकवण्याचे काहीच कारण नाही, कारण आपल्या भूमीवर ती एकच गोष्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. त्या थरांतूनच आज सह्याद्री आणि दख्खनचे पठार उभे आहे. लाव्हा येण्याच्या आधी त्याच भूमीवर नद्या-तळ्यांच्या काठी डायनासोर हिंडत होते आणि वाळूत खड्डे करून अंडी घालत होते. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा आणि डोंगरगाव येथे त्यांचे अवशेष मिळाले आहेत. ज्या खडकांत ते मिळतात त्या थरांना जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लमेटा घाटावरून ‘लमेटा’ म्हणतात, आणि हे थर बहुतेक ठिकाणी लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाच्या खाली असतात. म्हणजे डायनासोर आधी, डोंगर नंतर. हा क्रम मुलांच्या हातून घडवून घ्यायचा, एवढाच या उपक्रमांचा हेतू आहे, आणि पुढची सगळी मांडणी त्याभोवती केली आहे.

सामान आणि काळजी

यासाठी बाजारातून फारसे काही आणावे लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात गारगोट्या, शिंपले, बिया, पाने आणि माती हीच शिक्षणाची साधने होती. या विषयाला तर त्यांच्याहून चांगले साधन नाही. दोन-तीन मोठ्या पराती किंवा घमेली, काळी माती, बारीक वाळू, थोडा मुरूम, गेरू, शाडू, पाण्याची लहान झारी, जुने रंगाचे ब्रश, लाकडी चमचे आणि सुतळी एवढे जमवले की काम सुरू करता येते. माती आणि वाळू आधी मोठ्यांनी चाळून घ्यावी, म्हणजे काच, खिळे आणि टोकदार खडे निघून जातील; उन्हात पसरून वाळवली तर आणखी चांगले.

सुरक्षिततेचा एक नियम मात्र सगळ्या उपक्रमांना लागू आहे. लिंबापेक्षा लहान वस्तू तीन वर्षांच्या मुलांच्या परातीत असू नये, कारण या वयात हातातली वस्तू केव्हा तोंडात जाईल ते सांगता येत नाही. फुगे वापरू नयेत. बर्फातून डायनासोर सोडवण्याचा खेळ लोकप्रिय आहे आणि त्यासाठी पुष्कळ जण फुग्यात पाणी गोठवतात. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, म्हणून साध्या वाटीत गोठवावे. एका परातीभोवती चार ते पाच मुले असावीत. त्याहून अधिक झाली की मागची मुले नुसती बघत राहतात, आणि नुसते बघणे तक्त्यावरही होते.

पहिली परात : डोंगर आणि पाणी

सुरुवात भूरूपांपासून करावी. घमेल्यात निम्मी काळी माती आणि निम्मी वाळू ओलसर करून मुलांना हवा तसा डोंगर रचू द्यावा. ‘असा कर, तसा कर’ असे सांगू नये. डोंगर झाला की घमेल्याची एक बाजू विटेवर टेकवून थोडी उचलावी आणि एका मुलाने झारीने अगदी सावकाश, माथ्यावर एकाच जागी पाणी सोडावे. काही क्षणांत पाणी आपली वाट शोधते, चर पडतो, चर खोल होतो, दोन चर एकमेकांना मिळतात आणि वाहून गेलेली माती घमेल्याच्या खालच्या टोकाला पंख्याच्या आकारात पसरते. नदी, उपनदी, दरी आणि त्रिभुज प्रदेश हे चारही शब्द या एका कृतीतून मिळतात. मात्र शब्द आधी सांगू नयेत. मुलाने बोट ठेवून ‘हे बघा’ म्हटले की त्या क्षणी त्याला नाव द्यावे. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला मिळालेले नाव मूल विसरत नाही, हा बालवर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव असेल.

हा प्रयोग दुसऱ्यांदा करताना एक बदल करावा. डोंगराच्या एका उतारावर गवताच्या काड्या, मुळांसकट उपटलेले तण किंवा भिजवलेल्या काथ्याचे धागे दाबून बसवावेत आणि दुसरा उतार उघडा ठेवावा. दोन्हींवर सारखेच पाणी सोडल्यावर कोणत्या बाजूची माती अधिक वाहिली ते मुलांनाच विचारावे. पाच-सहा वर्षांची मुले याचे कारणही सांगतात.

ज्या घरांत दिवाळीला किल्ला करतात, तिथे तर निम्मे काम आधीच झालेले असते. किल्ल्याला माथा असतो, कडा असतो, वर चढणारी वाट असते, पायथ्याशी गाव आणि तळे असते. दिवाळी संपल्यावर तो किल्ला मोडून टाकण्याऐवजी त्याच्यावर पाऊस पाडून पाहावा, कुठला उतार ढासळतो आणि कुठला टिकतो ते पाहावे.

बेट आणि तळे यांची जोडी

मॉन्टेसरी पद्धतीत भूमी आणि पाणी यांच्या आकारांच्या जोड्या करून शिकवतात. ही कल्पना अतिशय साधी आणि नेमकी आहे. दोन सारख्या ताटल्या घ्याव्यात. एकीच्या मध्यभागी शाडूचा गोळा बसवून भोवती पाणी ओतावे, ते बेट. दुसरीत सर्व कडेने शाडू लावून मध्यभागी खळगा ठेवावा आणि त्यात पाणी ओतावे, ते तळे. एकाचा आकार दुसऱ्याच्या नेमका उलट आहे हे मुले बोटे फिरवून जाणतात. त्यानंतर तीन बाजूंनी पाणी असलेले द्वीपकल्प आणि तीन बाजूंनी जमीन असलेले आखात अशी पुढची जोडी घ्यावी. चार वर्षांच्या आतल्या मुलांना पहिली जोडी पुरेशी आहे. मुंबईतल्या मुलांना त्यांचे शहर पूर्वी सात बेटांचे होते हे याच ताटलीत दाखवता येते: सात लहान गोळे ठेवावेत आणि मधल्या पाण्यात मुलांनीच माती भरून ते जोडावेत.

खिंड शिकवायला माती लागतच नाही. दोन मुले पाठीला पाठ न लावता थोडे अंतर ठेवून डोंगर म्हणून उभी राहतात आणि बाकीची त्यांच्यामधून वाट काढत जातात.

तीन दगडांची टोपली

काळा पाषाण, जांभा आणि नदीतला गुळगुळीत गोटा असे मुठीहून मोठे तीन दगड टोपलीत ठेवावेत. मुलांनी डोळे मिटून ते हाताळावेत, उचलून पाहावेत आणि मग प्रत्येकावर चमचाभर पाणी टाकावे. काळ्या पाषाणावरून पाणी ओघळून जाते, तर जांभा ते पिऊन टाकतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मुलांच्या घराच्या भिंतीत, विहिरीत आणि गडग्यात हाच जांभा असतो, त्यामुळे त्यांना तो घरी जाऊन दाखवायला सांगावा; देशावरच्या मुलांना काळा पाषाण देवळाच्या पायरीत आणि जुन्या वाड्याच्या जोत्यात सापडतो. हा उपक्रम लहान आहे, पण पुढे लाव्हाचा दगड कोणता असे विचारल्यावर मुले त्याच टोपलीकडे धावतात.

दुसरी परात : लाव्हाचे थर

ज्वालामुखी म्हटले की मातीचा शंकू, त्यात खाण्याचा सोडा आणि वरून लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, असा प्रयोग सगळीकडे होतो. फेस उसळतो, मुले टाळ्या वाजवतात, आणि त्यात वाईट काही नाही. परंतु तो फेस वायूमुळे येतो, वितळलेल्या खडकाचा त्यात काही संबंध नसतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपला सह्याद्री अशा एकेका उंच शंकूतून झालेला नाही. जमिनीतील भेगांमधून पातळ लाव्हा बाहेर पडला, दूरवर सपाट पसरला, थिजला, आणि मग त्याच्यावर पुढचा थर आला. आजही या थरांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. म्हणून शंकूऐवजी भेगेचा प्रयोग करावा.

जाड पुठ्ठ्याच्या उथळ खोक्याच्या तळाला मधोमध वीतभर लांबीची चीर पाडावी आणि खोके दोन विटांवर ठेवावे, म्हणजे खालून हात जाईल. काळी माती पाण्यात कालवून, गाळून, मेंदीच्या कोनातून सहज बाहेर येईल इतपत पातळ करावी आणि प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत भरून पिशवीचे टोक कापावे. मोठ्या माणसाने ते टोक खालून चिरेला लावून धरावे आणि मुलांनी पिशवी दाबावी. चिखल चिरेतून वर येतो आणि दोन्ही बाजूंना पसरतो. हा थर बोटाच्या निम्म्या जाडीचा असावा. तो उन्हात ठेवल्यास एका दिवसात वाळतो. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर गेरूची अगदी पातळ पूड भुरभुरावी आणि चीर सुईने मोकळी करून दुसरा थर आणावा. असे तीन ते चार थर झाले की मोठ्यांनी खोक्याची एक बाजू सुरीने कापून काढावी. काळ्या थरांच्या मधून तांबड्या रेषा दिसतात.

गेरू टाकण्याचे कारण आहे. सह्याद्रीतल्या कोणत्याही घाटातून जाताना रस्त्यासाठी कापलेल्या कड्याकडे पाहिले, तर काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा ठिकठिकाणी दिसतो. एक थर येऊन गेल्यानंतर दुसरा येईपर्यंत मध्ये काळ गेला, त्या काळात वरचा पृष्ठभाग हवा-पाण्याने झिजून त्याची तांबडी माती झाली, आणि मग तिच्यावर पुढचा लाव्हा आला. तोच हा पट्टा. खोक्यातला थर पाहिलेले मूल पुढच्या प्रवासात गाडीच्या खिडकीतून हा पट्टा ओळखते, आणि मला या सगळ्या उपक्रमांत त्याचे मोल सर्वांत अधिक वाटते.

वाळताना चिखलाला भेगा पडतात, त्यामुळे प्रयोग बिघडला असे समजू नये. लाव्हा थंड होतानाही आकसतो आणि त्याला भेगा पडतात. त्या भेगांनी घडलेले दगडी खांब मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीत उभे आहेत. मुलांना भेगांवरून बोट फिरवू द्यावे आणि कोणत्या आकाराचे तुकडे झाले आहेत ते मोजू द्यावे.

नाचणीच्या किंवा गव्हाच्या पिठाचा लाव्हा करण्याचाही प्रघात आहे. खाण्याच्या वस्तू खेळात चिखलासारख्या वापरणे अनेक घरांना रुचत नाही आणि ती भावना योग्यच आहे. माती असताना पिठाची गरज नाही.

आता डायनासोर

खेळण्यांच्या पाकिटातून आलेले प्राणी मांडण्यापूर्वी मोठ्यांनी ते एकदा निवडून घ्यावेत. त्या पाकिटात केसाळ मॅमथ असतो, आदिमानवही असतो. हे दोघे डायनासोर संपल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी आले. उडणारे टेरोसॉर आणि समुद्रात पोहणारे लांब मानेचे सरीसृप हे डायनासोरच्या काळातले असले तरी डायनासोर नव्हेत. ज्या टायरॅनोसॉरसवर मुलांचा जीव असतो, तो उत्तर अमेरिकेतला. त्याला काढून टाकण्याची गरज नाही, परंतु त्याच्या शेजारी आपल्या भूमीवरचे दोन प्राणी अवश्य आणावेत. गुजरातमध्ये बालासिनोरजवळच्या रहियोली येथे १९८२ ते १९८४ या काळात मिळालेल्या हाडांवरून २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस या मांसाहारी डायनासोरचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या कपाळावर शिंगासारखा उंचवटा होता. दुसरा बारापासॉरस टागोरी. हा लांब मानेचा, वनस्पती खाणारा आणि राजासॉरसपेक्षा कितीतरी जुना प्राणी होता. त्याची हाडे प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्या सीमेवरच्या प्रदेशात सापडली आणि त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. या दोघांची खेळणी सहज मिळत नाहीत. शाडूची करावीत, म्हणजे त्यांच्या मानेची लांबी आणि पायांची जाडी मुलांच्या हातांना कळेल.

आकार कळण्यासाठी मैदान हवे. बारापासॉरसची लांबी सुमारे १४ मीटर होती. तेवढी सुतळी मोजून मैदानावर ताणावी आणि तिच्या कडेने मुलांनी डोके-पाय, डोके-पाय असे लागून झोपावे. किती मुले लागली ते मोजावे आणि खडूने जमिनीवर बाह्यरेषा काढावी. त्याच्या मांडीचे हाड एकटेच १.७ मीटरच्या आसपास होते. तेवढ्या उंचीची खूण भिंतीवर करून प्रत्येक मुलाला त्या खुणेखाली उभे करावे. हाड आपल्यापेक्षा उंच आहे आणि बहुधा ताईंपेक्षाही, हे समजल्यावर पुढे प्राणी किती मोठा होता ते सांगावे लागत नाही.

अंडी आणि घरटी

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, बाघच्या परिसरात डायनासोरची पुष्कळ घरटी सापडली आहेत. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली आहेत. लांब मानेच्या डायनासोरची ही अंडी गोल, सुमारे १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची होती. एवढा प्रचंड प्राणी आणि त्याचे अंडे मात्र नारळाएवढे, याचे मुलांना फार आश्चर्य वाटते. कागदाचा लगदा करून, त्यात थोडी खळ घालून त्या मापाचे गोळे करावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. वाळूच्या ढिगाऱ्यात उथळ खड्डा करून सहा-सात अंडी मांडावीत आणि वरून वाळू लोटावी. मग विचारावे: आई अंड्यांवर बसली असती तर काय झाले असते? मुले खदाखदा हसतात आणि अंडी वाळूत का पुरली असावीत याचे उत्तर स्वतःच शोधतात.

पिसदुऱ्याचा शोध

एक उपक्रम असा आहे की त्याचे नाव काढताच वर्ग दुमदुमतो. पिसदुरा हे गाव जगभरातल्या शास्त्रज्ञांना हाडांइतकेच डायनासोरच्या दगड झालेल्या विष्ठेसाठी ठाऊक आहे. जीवाश्मांच्या अभ्यासक वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विष्ठेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत गवताच्या पेशींतले सूक्ष्म वालुकामय कण मिळाले. हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. डायनासोरच्या काळात गवत नव्हते असे तोवर मानले जात असे. चंद्रपूरच्या एका गावातल्या दगडांनी ते मत बदलायला लावले.

वर्गात हाच शोध करता येतो. दोन भाग माती आणि एक भाग लाकडाचा भुसा पाण्यात मळून मुठीएवढे गोळे करावेत. काहींत गवताच्या काड्या, पानांचे तुकडे आणि भाताचे तूस मिसळावे. काहींत धुऊन वाळवलेल्या अंड्याच्या कवचाचे आणि पिसांचे तुकडे घालावेत. दोन दिवस वाळवून हे गोळे मुलांना द्यावेत. पाट किंवा पुठ्ठा समोर ठेवून मुलांनी बोटांनी आणि लाकडी चमच्याने गोळा सावकाश फोडावा आणि मिळालेल्या वस्तू कागदावर वेगवेगळ्या मांडाव्यात. गवत निघाले तर हा प्राणी काय खात होता? पिसे निघाली तर? बारीक वस्तू असल्यामुळे हा उपक्रम चार वर्षांवरील मुलांनाच, मोठे माणूस शेजारी बसले असतानाच द्यावा. पुराव्यावरून अनुमान काढण्याची ही कदाचित त्यांची पहिली वेळ असेल, म्हणून उत्तर सांगण्याची घाई करू नये. एखाद्या गोळ्यात दोन्ही प्रकारच्या वस्तू मुद्दाम घालाव्यात. त्यावर जो वाद रंगतो तो ऐकण्यासारखा असतो.

ठसे

मिठाच्या कणकेचे ठसे सर्वांना परिचित आहेत. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि वाटीभराहून थोडे कमी पाणी एवढे प्रमाण पुरते. इथे पिठाला चांगला पर्याय नाही, कारण शाडू लहान हातांत लवकर तडकते. या कणकेत मीठ फार असते, त्यामुळे ती मुलांच्या पोटात जाऊ देऊ नये. पिंपळाच्या पानाच्या शिरा, शिंपला, खेळण्यातल्या प्राण्याचा पाय यांचे ठसे घेऊन ते उन्हात पूर्ण कोरडे करावेत. प्लॅस्टर ऑफ पॅरिस वापरायचे असेल तर ते मोठ्यांनीच कालवावे, कारण घट्ट होताना ते तापते आणि मुलांनी त्यात हात घालून ठेवला तर भाजू शकते.

याहून सुंदर ठसे अंगणात फुकट मिळतात. जिथे कोंबड्या फिरतात तिथे संध्याकाळी ओली माती सपाट करून ठेवावी आणि सकाळी मुलांना न्यावे. पुढे तीन बोटे आणि मागे एक लहान, असा तो ठसा असतो. पक्षी हे दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनासोरचेच वंशज आहेत आणि त्या डायनासोरच्या ठशांतही तीन बोटे दिसतात. त्यामुळे ‘डायनासोर आता कुठे आहेत’ या प्रश्नाला अंगणाकडे बोट दाखवून खरे उत्तर देता येते.

तिसरी परात : सगळी गोष्ट एकत्र

हा उपक्रम आठवडाभर चालतो आणि घाईने उरकण्यात अर्थ नाही. खोल घमेल्यात चार बोटे जाडीचा ओल्या वाळूचा थर द्यावा. ही नदीकाठची जमीन. मुलांनी तिच्यात खड्डे करून लिंबाहून मोठे, पांढुरके गोल गोटे अंडी म्हणून पुरावेत आणि शाडूचे एखादे भाजलेले हाड ठेवावे. कच्ची शाडू किंवा मिठाची कणीक इथे चालत नाही, कारण ती पाण्यात विरघळते. दुसऱ्या दिवसापासून वर काळ्या चिखलाचे तीन पातळ थर, दररोज एक, मध्ये गेरू भुरभुरून, असे द्यावेत. वरून पाहणाऱ्याला आता नुसते काळे पठार दिसते. अंडी कुठे गेली, असे मुलांना रोज विचारावे. लहान मुले ती नाहीशी झाली म्हणतात, मोठी मुले खाली बोट दाखवतात.

शेवटच्या दिवशी घमेले तिरपे करून पाऊस पाडावा. वाळलेला चिखल केवळ पाण्याने लवकर कापला जात नाही, म्हणून चमच्याने माथ्यापासून खालपर्यंत एक उथळ चर आधीच पाडून ठेवावा. पाणी चरातून वाहू लागते, वाळूपर्यंत पोचते, खालची वाळू भसाभस वाहून जाते आणि वरचा काळा थर कड्यासारखा तुटून राहतो. मग एक अंडे उघडे पडते. लमेटा थर आज जिथे दिसतात तिथे नेमके हेच झाले आहे: वरचा काळा खडक झिजला किंवा नदीने कापला, आणि खालची जुनी जमीन वर आली. उरलेली अंडी मुलांनी ब्रशने माती झटकत काढावीत. घमेल्यावर सुतळीचे चौकोन ताणून कोणते अंडे कोणत्या चौकोनात मिळाले याची चित्रनोंद कागदावर केली, तर उत्खनन म्हणजे भराभर उकरणे नव्हे हेही समजते.

यानंतर एखादे मूल हमखास विचारते, ‘ताई, आपल्या डोंगरात पण डायनासोर आहे का?’ पुणे, नाशिक किंवा सातारा येथील मुलाला प्रामाणिक उत्तर असे द्यावे, की आपल्या डोंगराचा दगड हा तापलेल्या लाव्हाचा आहे, त्यात हाड टिकत नाही, आणि त्याखालची जुनी जमीन आपल्याकडे फार खोल आहे. चंद्रपूरकडे लाव्हाचे थर पातळ आणि झिजलेले आहेत, त्यामुळे तिथे ती वर दिसते. पाच वर्षांच्या मुलाला हे नीट कळते, कारण त्याने घमेल्यात ते केलेले असते.

काळाची सुतळी आणि शेवटाचा प्रश्न

कोटी वर्षे म्हणजे किती हे मोठ्यांनाही उमगत नाही, मग मुलांना आकडा सांगून काय उपयोग? एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख वर्षे असे माप धरून मैदानावर सुतळी ताणावी. आजच्या टोकापासून ३ सेंटिमीटरवर पहिली गाठ मारावी; आपल्यासारख्या माणसांचा सगळा काळ तेवढ्यात मावतो. ६.६ मीटरवर दुसरी गाठ: लाव्हाचा काळ आणि मोठ्या डायनासोरचा शेवट. बारापासॉरससाठी सुमारे १९ मीटर आणि पहिल्या डायनासोरसाठी २३ मीटर चालत जावे लागते. मुलांनी एकेका गाठीवर आपली शाडूची चित्रे नेऊन ठेवावीत. माणसाचे चित्र आणि सुतळीचे टोक यांत जागाच उरत नाही हे त्यांच्या लक्षात येते, आणि माणूस डायनासोरची शिकार करत होता ही समजूत आपोआप गळून पडते. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी मात्र ‘फार फार पूर्वी, माणसे नव्हती तेव्हा’ एवढेच पुरे.

डायनासोर कशाने संपले, हे सांगताना भीती घालू नये आणि खोटेही सांगू नये. आकाशातून एक प्रचंड दगड मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर आदळला, आकाश धुळीने झाकले, ऊन कमी झाले, झाडे मेली आणि खायला उरले नाही. त्याच सुमारास आपल्याकडे लाव्हा वाहत होता. एका थाळीत खाली गेरू आणि वर बारीक कोरडी वाळू सपाट पसरून कमरेच्या उंचीवरून गोटा सोडावा. गोल खळगा होतो, त्याला काठ येतो आणि खालचा तांबडा रंग बाहेर फेकला जातो. बुलढाणा जिल्ह्यातले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार सरोवर असेच घडले, परंतु ते लाव्हाच्या दगडातच पडलेले विवर आहे, म्हणजे डायनासोरनंतर कितीतरी काळाने झालेले; त्याचा त्यांच्या नाशाशी संबंध जोडू नये. ही चूक मोठ्या माणसांकडूनही होते.

सहलीची सोय असेल तर गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे आणि रहियोली येथे २०१९ पासून डायनासोर संग्रहालय आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना जवळच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात उंच सांगाडे पाहायला मिळतीलच. तिथे मुलांना हेही सांगावे की आजी-आजोबांच्या गावाकडच्या दगडाखाली याच प्राण्यांचे नातेवाईक आहेत. कुठेही जाताना मुलांबरोबर एक नियम आधीच ठरवून घ्यावा: वेगळा दिसणारा दगड मिळाला तर तो उचलायचा नाही, त्याच्या शेजारी एक वस्तू मापासाठी ठेवून छायाचित्र काढायचे आणि जागा लक्षात ठेवून मोठ्यांकरवी जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवायचे. घमेल्यावर सुतळीचे चौकोन आखून अंड्यांची नोंद केलेल्या मुलांना या नियमाचे कारण सांगावे लागत नाही.